लग्नाच्या शूटमधे फिल्टर आणि हूड: काय लावायचं, काय काढायचं

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा की सेकंडहँड निकॉन डी७५० कॅमेऱ्यासोबत २४-७० एफ २.८ जी ही झूम आणि ८५ एफ १.८ जी अशा निकॉनच्याच दोन लेन्स घेतल्यास, दुकानदाराने यूव्ही (अतिनील किरण अडवणारा), सीपीएल (चकाकी कापणारा पोलरायझर) आणि एनडी (उजेड कमी करणारा काळसर) असा फिल्टरचा किट गळ्यात मारला, यूव्ही तेव्हापासून २४-७० वरून उतरलेला नाही, बॅगेत जागा व्हावी म्हणून हूड (लेन्सच्या तोंडावरची सावली धरणारी कड) उलटा बसवलेला असतो, आणि परवाच्या रिसेप्शनला नवरीच्या शालूवर हिरवट ठिपक्यांची रांग आली तर लेन्समधे फॉल्ट आहे का.

लेन्स एकदम ओके आहे, विकायला काढू नकोस. ते ठिपके यूव्हीचे आहेत.

होतं काय, स्टेजमागच्या एलईडी माळेचा उजेड लेन्समधून सेन्सरवर पडतो, सेन्सर स्वतः चकचकीत असतो त्यामुळे थोडा उजेड तिथून उलटा लेन्सच्या तोंडाकडे परत जातो, आणि तिथे फिल्टरची सपाट काच त्याला पुन्हा आत पाठवते. लेन्सच्या काचा वळणदार असतात म्हणून त्यांच्यावरून उडालेला उजेड बहुतेक वेळा पसरून जातो, पण सपाट काचेवरून आलेल्याचं छान आखीव चित्र तयार होतं. म्हणून तर ते ठिपके फोटोच्या मध्याच्या बरोब्बर पलीकडे पडतात, माळ डावीकडे वर असेल तर ठिपके उजवीकडे खाली आणि तेही उलटे. तुझे फोटो उघडून बघ, असंच असणार. कोटिंग नसलेल्या काचेच्या एका बाजूवरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, फिल्टरला दोन बाजू म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. चांगल्या मल्टिकोटेड (परावर्तन कमी करणारे थर दिलेल्या) फिल्टरला हेच एका बाजूला अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं, ठिपके कमी होतात पण काळ्या बॅकग्राउंडवर तरीही कधीकधी दिसतात.

विश्वास बसत नसेल तर आज रात्री घरी कर. खोलीतले लाईट बंद, समोर समई पेटवून ठेव, कॅमेरा ट्रायपॉडवर, समई फ्रेमच्या एका कोपऱ्यात घे. एक फोटो फिल्टर लावून, एक काढून. पहिल्या फोटोत समोरच्या कोपऱ्यात समईच्या ज्योती खाली डोकं करून तरंगताना दिसतील, दुसऱ्यात गायब झालेल्या. हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी करायला लावतो, कारण एकदा डोळ्यांनी बघितलं की परत सांगावं लागत नाही.

मी स्वतः हे फार महाग शिकलो. कऱ्हाडकडचं एक लग्न, गोरज मुहूर्त, लॉनवर मांडव, चारी बाजूंनी बारीक माळा, आणि माझ्या लेन्सवर स्वस्तातला यूव्ही. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टका चालूयत, नवरीने मान खाली घातलीय, मुंडावळ्या गालावर आल्यात, आणि मी खाली वाकून तिच्या मागच्या माळा फ्रेममधे घेऊन शूट करतोय, मागच्या स्क्रीनवर सगळं सुंदर दिसत होतं. घरी मोठ्या मॉनिटरवर उघडलं तर जवळजवळ प्रत्येक फ्रेममधे गालावर नाहीतर अंतरपाटाच्या पांढऱ्या कापडावर हिरवे पिवळे ठिपके. कापडावरचे पुसता आले, गालावरचे नाही आले, म्हणजे पुसले तरी कातडी मेणाची दिसायला लागली. अंतरपाट दूर होतानाची ती नजर मला त्या अल्बममधे लहान साईझमधे लावायला लागली, त्याचं वाईट अजून वाटतं. त्या दिवसापासून नियम असा की फ्रेममधे दिवे असतील तर पुढे फिल्टर नको, कितीही महागाचा असला तरी.

मग यूव्ही विकतातच कशाला? फिल्मच्या काळात तो कामाचा होता. फिल्मला यूव्ही दिसायचा, महाबळेश्वरला पॉइंटवर फोटो काढला की लांबचे डोंगर निळसर धुरकट यायचे, यूव्हीने ते जरा सुधारायचं. डिजिटल सेन्सरच्या पुढे यूव्ही अडवणारी काच आधीच बसवलेली असते, त्यामुळे आता तुझ्या लेन्सवरचा यूव्ही म्हणजे फक्त एक झाकण आहे. झाकणाचा उपयोग असतो, पण कधी ते कळलं पाहिजे. माझ्या सुरुवातीला तर बॅगेत फिल्टरचा डबाच असायचा, हॅलोजनच्या पिवळ्या उजेडासाठी निळा ८०ए, कार्यालयातल्या ट्यूबलाईटच्या हिरवटपणासाठी गुलाबी, दागिने चमकावे म्हणून स्टार फिल्टर. ते रंगांचं काम आता कॅमेऱ्यातली व्हाईट बॅलन्सची सेटिंग करते, तो डबा डोक्यातून काढून टाक.

आता हूड, आणि इथे मी जरा थांबून सांगणार आहे कारण तू तो उलटा बसवतोस आणि उलटा बसवलेला हूड म्हणजे नसल्यात जमा, वर झूम रिंगवर हात पण नीट बसत नाही.

हूडचं काम फ्रेमच्या बाहेरून काचेवर पडणारा उजेड अडवणं. मांडवात हा उजेड सगळीकडून येतो. वरच्या ट्रसवर पार लाईट टांगलेले असतात, बाजूने व्हिडिओवाल्याचा पोरगा एलईडी पॅनेल धरून उभा असतो, दुपारचं लग्न असेल तर मांडवाच्या कनातीच्या फटीतून ऊन येतं. यातला एकही दिवा तुझ्या फोटोत नसतो पण काचेवर तिरका पडून सगळ्या फोटोवर एक पातळ पांढरी साय धरतो. काळी शेरवानी राखाडी होते, हिरव्या चुड्याचा हिरवा फिका पडतो, आणि मग तू एडिटिंगला कॉन्ट्रास्ट ओढत बसतोस आणि म्हणतोस ही लेन्स फ्लॅट आहे. पन्नास टक्के वेळा लेन्स फ्लॅट नसते, हूड बॅगेत असतो.

तुझ्या २४-७० जी चा हूड एचबी-४०, खोल आणि भक्कम आहे, तो लेन्सच्या बाहेरच्या नळीवर बसतो आणि झूम ७० कडे नेलं की पुढची काच त्याच्या आत खोल जाते. म्हणजे २४ च्या वाईड बाजूला पाकळ्या कापलेल्या जागेतून कोपरे मोकळे राहतात आणि ७० च्या बाजूला तोच हूड लांब बोगद्यासारखं काम करतो. फार हुशारीने बनवलेली गोष्ट आहे, वापर. ८५ चा एचबी-६२. हरवला असेल तर तोच नंबर सांगून घे, दुसऱ्या कंपनीचा चालतो, फक्त आतून काळा मॅट आहे ना ते बघ, आतून चकाकणारं प्लास्टिक असेल तर तो हूड स्वतःच उजेड आत फेकतो. आणि दुसऱ्या वाईड लेन्सचा हूड बसतोय म्हणून बसवू नको, कोपरे काळे येतात आणि ते ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या काकांच्या अंगावरच येतात.

हूड धक्का पण खातो. वरातीत, रुखवताच्या टेबलापाशी, अक्षता पडल्यावर सगळे एकदम स्टेजकडे धावतात तेव्हा कोणाचं तरी कोपर लेन्सवर बसतंच. हूड आधी लागतो, वाकतो, फार तर निखळतो. फिल्टर काय करतो, त्याची पातळ काच लेन्सच्या जाड काचेपेक्षा लवकर फुटते आणि तिचेच तुकडे पुढच्या काचेवर ओरखडे पाडतात, शिवाय रिंग चेपून थ्रेडमधे अडकते ती वेगळी. पडण्यापासून वाचवायला फिल्टर लावतोस असं म्हणत असशील तर ते काम हूड जास्त चांगलं करतो. गर्दीत फिरून सैल होत असेल तर एक छोटी गॅफर टेपची पट्टी मार, काम झालं.

दोन ठिकाणी हूड काढायचा. एक, फ्लॅश कॅमेऱ्यावर सरळ समोर तोंड करून २४ ला जवळून मारतोयस, तेव्हा फोटोच्या तळाला अर्धगोल सावली येऊ शकते, ती हूडची असते. छताला बाउन्स करत असशील तर प्रश्न नाही, पण लॉनवर छत नसतं. दुसरं, संध्याकाळच्या कपल शूटला सूर्य मागे ठेवून मुद्दाम तो सोनेरी उजेड पसरायला हवा असतो तेव्हा. पण हे ठरवून कर.

आणि सूर्य फ्रेमच्या अगदी कडेला असेल तर हूड पुरत नाही, हे पण खरं. तेव्हा मी लग्नपत्रिका वापरतो. नेहमी एक पत्रिका बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात असते, जाड पुठ्ठ्याची, असिस्टंट ती लेन्सच्या वर वीतभर अंतरावर धरतो, काचेवर पत्रिकेची सावली पडली की समजायचं बसली, मग फ्रेममधे पत्रिकेची कड येत नाही तेवढी मागे सरकवायची. व्ह्यूफाइंडरमधे बघत बघत कर, पांढरी साय एका क्षणात उतरताना दिसते आणि नवऱ्याच्या फेट्याचा रंग भरून येतो. असिस्टंट नसेल तर स्वतःचा डावा तळहात.

आता झाकण म्हणून फिल्टर कधी लावायचा ते. जिथे काहीतरी उडतंय तिथे, तिथे ठिपक्यांपेक्षा काच महत्त्वाची. हळदीला नक्की. आजकालची हळद म्हणजे बादलीने पाणी, रंग, फुलं, धुराच्या कांड्या, आणि ओली हळद काचेला लागली की तेलकट पिवळा थर बसतो, पुसायला गेलं की पसरतो. होमाच्या जवळ बसून शूट करतोस तेव्हा तुपाचा धूर येतो, त्याने पण बारीक तेलकट पडदा धरतो, आणि तो दिसत नाही, फक्त फोटो मऊ यायला लागतात. कोल्ड पायरोच्या (स्टेजवरच्या ठिणग्यांच्या कारंज्यांच्या) अगदी पुढे उभं राहायची वेळ आली तर तेव्हाही लाव, त्या ठिणग्या नावाला कोल्ड आहेत, काचेवर बारीक खड्डे पाडू शकतात.

सगळ्यात कठीण जागा जेजुरी. लग्नानंतर जोडी खंडोबाला जाते, नवरा नवरीला उचलून पायऱ्या चढतो, वरून भंडारा उधळतात, येळकोट येळकोट जय मल्हारचा गजर, आणि हवेत पिवळं सोनं. फोटो म्हणून याच्यासारखं दुसरं काही नाही. पण भंडारा म्हणजे मैद्यासारखी बारीक हळदीची पूड, ती झूम रिंगमधे, फोकस रिंगमधे, सगळीकडे शिरते, आणि २४-७० सारखी पुढेमागे सरकणारी लेन्स झूम करताना हवा आत ओढते, हवेबरोबर भंडारा. तिथे मी असं करतो: गाडीतच लेन्स लावायची आणि परत गाडीत येईपर्यंत बदलायची नाही, चांगला मल्टिकोटेड प्रोटेक्टर (साध्या काचेचा फिल्टर) लावायचा, वर हूड, आणि पारदर्शक प्लास्टिकची पिशवी कॅमेऱ्यावर ओढून तिचं तोंड हूडभोवती रबरबँडने आवळायचं, झूम पिशवीवरूनच. दिवसाचा उजेड असतो, फ्रेममधे दिवे नसतात, त्यामुळे ठिपक्यांची भीती नाही. कॅननवाल्यांना एक जास्तीचं, ५० एफ १.२ एल आणि १७-४० सारख्या काही एल (महागाच्या मालिकेतल्या) लेन्सेसचं धूळ-पाणी अडवणारं सीलिंग पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं असं कंपनी स्वतःच सांगते, त्यांनी अशा जागी फिल्टरशिवाय जाऊच नये.

पुसायची पद्धत नीट लक्षात ठेव. आधी ब्लोअर, लेन्स खाली तोंड करून. मग मऊ ब्रश. मग लेन्सचं लिक्विड, ते काचेवर नाही, टिश्यूवर टाकायचं, आणि मधून बाहेर गोल. तेलकट असेल तर दोनदा. शर्टाच्या टोकाने पुसलं तर हळदीबरोबर आलेली धूळ सँडपेपरसारखी फिरते. कार्यक्रम चालू असताना एवढं करायला वेळ नसतो, तेव्हाच फिल्टरची किंमत वसूल होते, घाण झाला की उतरवून खिशात, खालची काच स्वच्छ, शूट चालू.

कोकणात किंवा पावसाळ्याच्या तोंडाशी अजून एक भानगड होते. एसी रूममधे नवरीचा मेकअप शूट करून तसाच बाहेर अंगणात आलास की काचेवर वाफ धरते, आणि फिल्टर लावलेला असेल तर ती फिल्टरच्या आतल्या बाजूला पण धरते, बाहेरून किती पुसलं तरी जात नाही. कॅमेरा बंद बॅगेत ठेवून बॅग वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर नेऊन ठेव, किंवा मेकअपला एक आणि बाहेर दुसरी बॉडी.

सीपीएलबद्दल मत जरा कडक आहे. उपयोग आहे, पण लग्नात फार कमी वेळ. साधारण दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, मांडवात तेवढं परवडत नाही. दुपारी झाडाखाली ग्रुप फोटो असेल तर पानांवरची चकाकी मारून हिरवा छान आणतो, हळदीच्या तेलकट कपाळावरची चमक पण कमी करतो, पण पूर्ण फिरवलास तर चेहरा मेल्यासारखा सपाट होतो, त्यामुळे अर्धाच. साडीवर तर सांभाळूनच. पैठणीच्या रेशमाचं पाणी म्हणजे परावर्तनच आहे, सीपीएल ते काढून घेतो, जरीचा काठ धातूचा असल्यामुळे त्याच्यावर तसा परिणाम होत नाही, मग काठ चमकतोय आणि अंग सुती असल्यासारखं दिसतं. ज्या आईने येवल्याहून स्वतः निवडून ती साडी आणलीय तिला हा फोटो देऊ नये.

खरा उपयोग पाठवणीला, तीही उजेडी असेल तर. नवरी गाडीत बसलीय, समोरच्या काचेत आकाश आणि मांडवाची कमान दिसतेय, तिचा चेहरा दिसत नाही. बॉनेटच्या पुढे उभा राहून सीपीएल फिरव, काच निघून गेल्यासारखी होते आणि आत डोळे पुसणारी मुलगी दिसते. काचेवर तिरकं बघत असशील तरच होतं हे, काचेला लंब रेषेपासून पन्नास-पंचावन्न अंशांवर सगळ्यात चांगलं, अगदी सरळ समोरून काही फरक पडत नाही. बाजूच्या काचेतून घेताना बघून घे, ती टफन्ड असते आणि सीपीएलमधून तिच्यावर ठिपक्याठिपक्यांची नक्षी उमटू शकते, तशी दिसली तर फिल्टर काढ.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. एका लग्नात नवरीची आजी अमेरिकेत मुलाकडे होती, टॅबलेटवर व्हिडिओ कॉल लावून तो अक्षतांच्या वेळी मामांनी उंच धरला होता. माझ्या लेन्सवर सीपीएल तसाच राहिला होता, मघाच्या ग्रुप फोटोपासून, आणि व्ह्यूफाइंडरमधे मामांच्या हातात काळी पाटी. एलसीडी स्क्रीनचा उजेड आधीच पोलराइज्ड असतो, फिल्टरचा कोन उलटा बसला की स्क्रीन पूर्ण काळी. नशीब की डोळा लगेच तिथे गेला, रिंग पाव फेरा फिरवली आणि आजी आली, हात जोडलेले, चष्म्याखालून पाणी. तो फोटो आज त्यांच्या अमेरिकेतल्या घरात भिंतीवर आहे. तेव्हा सीपीएल वापरून झाला की लगेच उतरवायचा. तुझ्या एचबी-४० च्या आत बोट घालून तो फिरवणं तसंही अवघड जातं, काही नवीन लेन्सच्या हूडला त्यासाठी छोटी खिडकी असते, तुझ्याला नाही.

एनडी मात्र ठेव. मे महिन्यातलं दुपारचं ऊन धर, आयएसओ १०० ला एफ १६ वर शटर १/१०० सेकंद येतं, हा जुना हिशोब. त्यावरून ८५ ला एफ १.८ वर १/८००० च्या आसपास लागणार, आणि डी७५० चं शटर १/४००० ला संपतं. तीन स्टॉपचा एनडी८ लावलास की १/१००० वर आरामात. सावल्या फ्लॅशने भरायच्या असतील तर सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात जलद शटर, १/२००, तेव्हा एफ २.८ ला चार स्टॉपचा एनडी१६ लागतो, पण लक्षात ठेव की एनडी फ्लॅशचा उजेडही तेवढाच खातो, छोट्या स्पीडलाईटचा जीव निघतो, मोठा फ्लॅश नसेल तर सरळ सावलीत जा. व्हिडिओवाल्यांना तर एनडीशिवाय पर्यायच नाही, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे फडफडताना दिसू नयेत म्हणून सेकंदाला २५ फ्रेमला शटर १/५० ठेवायचं म्हटलं की त्याच उन्हात एफ २.८ ला सहा स्टॉप खायला लागतात. व्हेरिएबल एनडी म्हणजे दोन पोलरायझर एकावर एक, टोकापर्यंत फिरवला की फोटोत काळी फुली उमटते आणि वर सांगितलेला साडीचा प्रॉब्लेम इथेही येतो.

सध्या सगळे ब्लॅक मिस्ट फिल्टरच्या मागे आहेत, दिव्यांभोवती ती मऊ आभा येते म्हणून. संगीतला, वरातीला १/८ ताकदीचा सुंदर दिसतो. पण तो काढता येत नाही नंतर, एडिटिंगमधे आभा घालता येते, उतरवता येत नाही, म्हणून मी विधींना कधीच लावत नाही. होमाच्या धुरात तर अजिबात नको, आधीच धूर आहे. लांब फोकल लेंथला परिणाम वाढतो, २४ ला गोड वाटलेला ८५ ला धुकं होतो.

वरातीत डीजेचे लेझर असतील तर फिल्टर, हूड कशाचाही भरवसा धरू नको, लेझर सरळ लेन्समधे आला तर सेन्सरवर कायमची रेघ पडू शकते. कॅमेरा फिरव नाहीतर खाली कर.

घ्यायचं म्हणशील तर किटमधला यूव्ही बाजूला ठेव, त्या पैशात एकच चांगला मल्टिकोटेड प्रोटेक्टर ७७ मिमीचा (तुझ्या २४-७० च्या मापाचा) घे, हळद आणि जेजुरीसाठी. ८५ ला थ्रेड ६७ आहे, ६७ ते ७७ ची स्टेप-अप रिंग घेतलीस तर सगळे फिल्टर दोन्ही लेन्सला चालतात, फक्त रिंग लावल्यावर ८५ चा हूड बहुतेक बसणार नाही, तेव्हा ती रिंग फक्त एनडीपुरती. फिल्टर फार आवळू नको, गरम होऊन अडकला तर कडेला जाड रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरव, जोर लावलास की रिंग लंबगोल होऊन अजून घट्ट बसते.

पुढचं लग्न कधी आहे तुझं आणि मुहूर्त दुपारचा की गोरज, ते कळव. समईचे दोन्ही फोटो पण पाठव, कोणत्या कोनात ठिपके येतात ते बघून सांगतो.